सोलर कुकर तापत नाही? आधी गळती बुजवा, आरशाचं नंतर बघू

सोलर कुकर नीट तापेनासा झाला की बहुतेक घरांत पहिला हात आरशाला जातो. आरसा पुसतात, बदलतात, शेजारी दुसरा आरसा टेकवून ठेवतात. तरी वरण कच्चंच राहतं आणि मग दोष इंदूरच्या उन्हाला दिला जातो. ऑक्टोबर ते मे इथल्या गच्चीवर ऊन काही कमी नसतं. पेटीत आलेली उष्णता बाहेर पळून जाते, हे खरं दुखणं.

हा लेख पेटीच्या कुकरसाठी आहे: आत काळ्या पत्र्याचं तबक, दुहेरी काच, वर उघडणारा आरसा. तबकडीवर एकच भांडं ठेवायचा पॅराबोलिक कुकर किंवा इंदूरच्या बरली संस्थेत आहेत तशा ऊन एका जागी गोळा करणाऱ्या मोठ्या शेफलर तबकड्या, यांचं गणित निराळं.

दुरुस्तीचा क्रम असा: परीक्षा, फट, तळ, रंग, काच, आरसा. हा क्रम मोडला की काम दोनदा करावं लागतं. मी पहिल्या वेळी आधी तबक रंगवलं आणि मग खालची काचलोकर (उष्णता अडवणारे काचेचे तंतू) ओली निघाली. ते तबक उचकटताना नव्या रंगाचे पापुद्रे निघाले.

१. पेच काढण्याआधीची तयारी

सामान फार लागत नाही. स्क्रूड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, मॅट काळा रंग, नवी रबरी पट्टी, जास्त तापमान सोसणारा सिलिकॉन सीलंट, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, पांढरं व्हिनेगर आणि जुनी वर्तमानपत्रं. बहुतेक वस्तू इंदूरच्या सियागंज बाजारात एका फेरीत मिळतात. काचलोकरीसाठी हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा जुना सदरा बाजूला काढून ठेवा.

मोजायला काहीतरी हवंच. तापमानाची तार असलेला मल्टिमीटर सगळ्यात सोयीचा. ओव्हनमध्ये ठेवतात तो डायलचा थर्मामीटर चालेल, पण त्यावर फॉइलची छोटी टोपी करा. उघड्या उन्हात तो स्वतःच तापून भलताच आकडा दाखवतो.

दोन्ही नसेल तर एका काळ्या डब्यात अर्धा लीटर पाणी घ्या, साडेअकराला ठेवा आणि जोरात वाफ धरायला किती वेळ लागला ते वहीत लिहा. दुरुस्तीनंतर तसाच डबा, तेवढंच पाणी, तीच वेळ. तुलना पुरेशी होते.

एका दिवशी एकच बदल करा. चार गोष्टी एकदम केल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

२. रिकाम्या पेटीची परीक्षा

ढग नसलेला, वारा कमी असलेला दिवस निवडा. पेटी साफ करून रिकामी ठेवा. आरसा उघडा ठेवून त्यावर जाड काळं कापड टाका. हे लोकांना विचित्र वाटतं, पण आपल्याला आत्ता पेटी तपासायची आहे. आरशाची मदत धरली तर गळकी पेटीही बरी दिसते.

मल्टिमीटरच्या तारेचं टोक तबकाच्या मध्यावर ॲल्युमिनियमच्या पट्टीने चिकटवा, झाकण लावा आणि साडेअकरा ते दीड दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. सावलीतल्या हवेचं तापमानही लिहा. आकडा वाढायचा थांबला की तो खरा.

आता अर्थ लावू. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३४२९ या मानकात अशीच रिकाम्या पेटीची कसोटी आहे. तबक आणि हवा यांच्या तापमानातला फरक भागिले उन्हाची तीव्रता (वॉट प्रति चौरस मीटर). हे उत्तर 'अ' दर्जाच्या पेटीला किमान ०.१२ यावं लागतं. घरी उन्हाची तीव्रता मोजता येत नाही, म्हणून ढोबळ हिशेब सांगतो. डिसेंबरच्या दुपारी सपाट काचेवर सुमारे ६५० वॉट धरले, तर फरक ७५ ते ८० अंश यायला हवा. मेमध्ये ९०० धरले तर १०५ ते ११० अंश. म्हणजे हिवाळ्यात हवा २५ असेल तर तबक १०० च्या आसपास, आणि मेमध्ये हवा ४० असेल तर १४५ ते १५०.

फरक यापेक्षा दहा अंशांनी कमी असेल तर फट आणि काच बघून काम भागेल. वीस-पंचवीस अंश कमी असेल तर तळ उघडावा लागणार, मनाची तयारी ठेवा.

*सावधान:* रिकामी पेटी तापलेली असताना काचेवर पाणी शिंपडू नका. साध्या काचेला त्याच क्षणी तडा जातो.

३. झाकणाची फट

पेटी गार असताना वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी झाकणाखाली अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवा. झाकण लावून पट्टी ओढा. अडकली पाहिजे. सहज सरकली तर तिथे फट आहे. चारही बाजूंना तीन-तीन ठिकाणी, म्हणजे बारा वेळा हे करा आणि खडूने खुणा करा. कोपरे आणि बिजागरीची बाजू यांकडे जास्त लक्ष द्या. मला आतापर्यंत सर्वांत मोठी फट बिजागरीशीच सापडली आहे, कारण तिथे कोणी बघतच नाही.

जुनी पट्टी चपटी आणि कडक झाली असेल तर पूर्ण काढा. तुकडे जोडत बसू नका. ईपीडीएम किंवा सिलिकॉन रबराची पट्टी घ्या, कोपऱ्यात ४५ अंशांत कापून टोकाला टोक जुळवा आणि सांध्यात सीलंटचा एक थेंब भरा. सीलंट २४ तास वाळू द्या.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, दाराखिडक्यांना लावतात तो स्वस्त फोम चिकटवणं. तो उन्हाच्या पहिल्याच आठवड्यात चिकट होतो आणि वास मारतो. दुसरी, फ्रिजच्या दाराची पट्टी कापून बसवणं. ती बहुधा पीव्हीसीची असते आणि या तापमानाला मऊ पडते.

पट्टी नवी असूनही कागद सरकतोय? मग झाकणाची चौकट वाकली आहे. समोरच्या कडीखाली पातळ वॉशर घालून झाकण थोडं जास्त दाबलं जाईल असं करा.

*तपासा:* बारा जागी कागद अडकला का? अडकला असेल तर क्रमांक २ ची परीक्षा पुन्हा घ्या. पुष्कळ पेट्यांचं दुखणं इथेच संपतं.

४. तळ आणि काचलोकर

सुदामानगरात एका काकूंनी मला कुकर बघायला बोलावलं होतं. जानेवारी, दुपारचा एक. आरसा लख्ख, काच लख्ख, तबकाचा आकडा ७१. मी खाली वाकलो तर पेटीच्या खाली त्यांचं मांजर पाय पसरून झोपलेलं. "रोज इथंच असते ती, ऊबेला," काकू म्हणाल्या. मी तळाला हात लावला. चहाच्या कपासारखा गरम. भाताला जायची ती ऊब मांजराला जात होती!

चांगल्या पेटीचा तळ दोन तासांनंतरही हाताला कोमटच लागायला हवा. गरम लागला, किंवा पेटीला ओलसर कुबट वास येत असेल, तर काचलोकर भिजली किंवा दबली आहे. काचलोकर उष्णता अडवते ती तिच्या तंतूंत अडकलेल्या हवेमुळे. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता पुढे नेतं. त्यामुळे एका पावसात भिजलेली पेटी बाहेरून कोरडी दिसली तरी आतून निकामी झालेली असते.

उघडायचा क्रम असा. पेटी गार असताना झाकण सोडवा, तबकाच्या कडेचे पेच काढा, तबक सरळ वर उचला. पेच एका वाटीत ठेवा. (गच्चीवर खाली ठेवलेला पेच परत मिळत नाही, हा माझा अनुभव.) मास्क आणि हातमोजे घालून काचलोकर बाहेर काढा आणि जुन्या चादरीवर दोन पूर्ण दिवस उन्हात ठेवा. वरून दुसरी पातळ चादर घाला, नाहीतर तंतू उडून शेजाऱ्यांच्या पापडांवर जातील.

काळी पडलेली, लगदा झालेली लोकर टाकून द्या. नवी घालताना तळाला साधारण ५ सेंटिमीटर आणि बाजूंना मावेल तेवढी, हलकी घाला. "जास्त भरली म्हणजे जास्त राखेल" असं वाटून लोक ठासून भरतात. ठासली की हवा निघून जाते आणि फायदाही जातो. काचलोकर मिळाली नाही तर कडक वाळवलेला धानाचा भुसा पातळ कापडी पिशव्यांत भरून चालतो. थर्माकोल कधीही वापरू नका. १०० अंशांच्या आत तो मऊ पडतो आणि आक्रसून कोपऱ्यात गोळा होतो.

परत बसवताना एक गोष्ट बघा. आतलं तबक बाहेरच्या पत्र्याला थेट टेकतंय का? एखादा लांब पेच किंवा वाकलेली कड दोन्ही पत्र्यांना जोडत असेल तर तिथून उष्णता सरळ बाहेर जाते. मध्ये लाकडाची पातळ पट्टी घाला.

५. काळा रंग

तबकाचा रंग राखाडी झाला, खरवडला गेला, तेलकट झाला की ऊन शोषलं जात नाही. तबक डिश-साबणाने धुवा, वाळवा, पॉलिश पेपरने हलकं घासा, कोरड्या फडक्याने धूळ पुसा. मग मॅट काळ्या रंगाचे दोन अगदी पातळ हात द्या. शाळेच्या फळ्याला लावतात तो रंगही चालतो, मात्र त्याच्या डब्यावर उष्णता सोसण्याबद्दल काही लिहिलेलं आहे का ते बघा. चकचकीत एनॅमल नको. जाड हातही नको, तो तापून फुगतो आणि सालपटं निघतात.

डबे बाहेरून रंगवा, झाकणाची वरची बाजूही. झाकण विसरणारे फार. ऊन वरून येतं, मग चकचकीत झाकण ते परतवूनच लावतं. डब्याच्या आत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपकाही नको.

रंग वाळला म्हणजे काम झालं असं नाही. दोन पूर्ण दिवस पेटी रिकामी, झाकण बोटभर उघडं ठेवून तापवा. रंगातली उडून जाणारी द्रव्यं याच वेळी बाहेर पडतात. मी एकदा घाई केली. सकाळी रंग, दुसऱ्या दिवशी दुपारी तुरीचं वरण. त्या वरणाला थिनरचा वास होता आणि काचेच्या आतून धुरकट पांढरा थर बसला होता. वरण फेकलं. काच व्हिनेगरने तीनदा पुसावी लागली.

*तपासा:* तापलेली पेटी उघडून वास घ्या. रंगाचा वास येत असेल तर आणखी एक दिवस.

६. काच

काच फक्त सकाळी, गार असताना पुसा. ओलं फडकं, मग कोरडं. बोअरिंगच्या जड पाण्याने पांढरे डाग राहतात. ते साबणाने जात नाहीत, व्हिनेगरने जातात. शेवटचं पुसणं नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याने करा.

दोन काचांच्या मध्ये दव धरत असेल तर चौकट उघडून दोन्ही काचा पुसा, उन्हात वाळवा आणि कडा पुन्हा सील करा. पण पूर्ण हवाबंद करू नका. मधली हवा तापून फुगते, तिला सुईच्या भोकाएवढी वाट हवी, तीही खालच्या बाजूला.

काच बदलायचीच असेल तर दुकानात कापलेली कड आडवी धरून बघा. कड जितकी गडद हिरवी तितकं लोह जास्त आणि ऊन कमी आत जातं. रंगीत किंवा फिल्म लावलेली काच नको. ॲक्रिलिकचा पत्रा तर नकोच, तो झोळीसारखा खाली झुकतो.

७. आता आरसा

इथवर आलात म्हणजे पेटी उष्णता धरते आहे. आता जास्त ऊन आत घालण्याला अर्थ आहे.

इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४४ अंश वर असतो, मार्च-सप्टेंबरच्या २१-२२ तारखांना ६७ अंश, आणि जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर. आरशाचा कोन त्याप्रमाणे बदलावा लागतो. बऱ्याच घरांत आरसा दुकानातून आला त्याच खाचेत वर्षानुवर्षं अडकलेला असतो.

आरसा काचेएवढाच लांब आहे असं धरून काच आणि आरसा यांच्यातला दुपारचा कोन असा ठेवा: डिसेंबर-जानेवारीत ९० अंश, म्हणजे अगदी सरळ उभा, मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी १०५, मे-जूनमध्ये ११७ ते १२०. मोबाइलमधल्या कोन मोजायच्या ॲपने हे सहज जमतं. सकाळी आणि दुपार कलल्यावर सूर्य खाली असतो, तेव्हा आरसा थोडा पुढे घ्या.

ॲप नको असेल तर काचेवर पांढरा कागद पसरा. आरशाचा उजेडाचा चौकोन त्यावर स्पष्ट दिसतो. त्याची पुढची कड काचेच्या पुढच्या कडेला टेकली की कोन बरोबर. उजेड पेटीबाहेर जमिनीवर पडत असेल तर तेवढं ऊन वाया.

हिवाळ्यात या आरशाची किंमत सर्वांत जास्त. डिसेंबरच्या दुपारी काचेला सरळ जेवढं ऊन मिळतं, जवळपास तेवढंच आरसा आणून देतो. जूनमध्ये हिशेबाने निम्मं, आणि तेही तिरप्या कोनात पडल्याने बरंचसं काचेवरून निसटतं. म्हणून उन्हाळ्यात दुसरा आरसा लावून फारसं हाती लागत नाही.

दिशेबद्दल. घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह हे डोक्यातून काढा. इंदूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पश्चिमेला असल्याने इथली खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून २७ मिनिटांनी होते; फेब्रुवारीच्या मध्यात १२.४० ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१० ला. जास्त वेळ शिजणारे डबे दहाला ठेवले तर मध्यान्हीच्या दोन्ही बाजूंचं चांगलं ऊन मिळतं. अकराला सुरुवात केलीत तरी घाबरू नका, दीडपर्यंत ऊन जोरात असतं.

पेटीच्या पुढच्या कडेला एक काडी उभी चिकटवा. तिची सावली सरळ मागे, आरशाकडे पडेपर्यंत पेटी फिरवा. सूर्य ताशी १५ अंश सरकतो. दर तासाला फिरवणार असाल तर पेटीचं तोंड अर्ध्या तासानंतर सूर्य जिथे असेल तिथे ठेवा. जूनमध्ये मात्र सूर्य जवळजवळ डोक्यावरूनच जातो. तेव्हा मध्यान्हीपर्यंत पूर्वेकडे तोंड, नंतर पश्चिमेकडे, एवढं पुरतं.

हिवाळ्यासाठी एक युक्ती: पेटीच्या मागच्या, आरशाच्या बाजूखाली आडवी वीट ठेवा. ५० सेंटिमीटरच्या पेटीला साधारण साडेआठ अंशांचा उतार मिळतो आणि डिसेंबरच्या दुपारी सरळ ऊन सुमारे १४ टक्क्यांनी वाढतं. डबे काठोकाठ भरू नका, आणि आरशाचा कोन ९५ करा.

*सावधान:* आरसा लावताना गडद चष्मा घाला आणि उजेडाच्या रेषेत तोंड आणू नका. मेमधल्या वाऱ्यात आरशाला मागून दोरी बांधाच. उलटलेला आरसा थेट काचेवर येतो.

८. डबे भरताना

पेटी रिकामी पाऊण तास तापू द्या, मग डबे ठेवा. डाळ दोन तास भिजवा. पाणी नेहमीपेक्षा कमी, कारण वाफ फारशी उडत नाही: भाताला दीडपट ते पावणेदोनपट, वरणाला दुपटीच्या आसपास. "असू दे थोडं जास्त" म्हणून घातलेलं पेलाभर, म्हणजे २०० मिली पाणी उकळीला आणायला सुमारे ६० किलोज्यूल लागतात. पेटीत आत १०० वॉट मिळत असतील तर दहा मिनिटं त्या पाण्यावरच गेली.

डबा दोन-तृतीयांशच भरा. झाकण घट्ट हवं, नाहीतर वाफ आतल्या काचेवर बसते आणि तेवढं ऊन परत जातं. एका मोठ्या डब्यापेक्षा दोन पसरट डबे लवकर तापतात.

तुरीच्या डाळीत टोमॅटो, चिंच, आमसूल आधी घालू नका. आंबटाने डाळ शिजायला फार वेळ घेते, आणि जड पाण्यानेही. साडेपाचशे मीटर उंचीवर इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे सवलत तशीही कमी. आंबट आणि फोडणी नंतर गॅसवर.

मधे उघडून बघू नका. हवा गेली तर ती लगेच तापते. पण तेवढ्यात काच गार होते, डब्यातली वाफ जाते. दर उघडण्याला दहा-पंधरा मिनिटं धरा. मेहनत करून नीट केलेल्या पेटीत चांगल्या उन्हात भात दीड-दोन तासांत, भिजवलेली डाळ दोन-अडीच तासांत होते. शेंगदाणे छान खमंग भाजले जातात. बाफल्यांच्या (कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांच्या) नादी लागू नका. या पेटीत ते भाजत नाहीत, कोरडे होऊन दगड होतात.

*सावधान:* मधेच ढग आले आणि अन्न कोमट राहिलं, तर दोन तासांपेक्षा जास्त वाट बघू नका. डबे गॅसवर चढवा.

९. पावसाळ्याआधी

जूनच्या मध्यापूर्वी पेटी गच्चीवरून खाली आणा. आधी एक दिवस रिकामी तापवून आतली ओल घालवा. खोलीत ठेवताना झाकण कडी लावून बंद करू नका. चार महिने दाबलेली रबरी पट्टी चपटीच राहते. दोन कोपऱ्यांत पुठ्ठ्याची घडी घालून झाकण बोटभर उचललेलं ठेवा. वरून सुती चादर घाला. प्लॅस्टिक गुंडाळलं तर आत दव धरतं. आणि ती परीक्षेची वही पेटीतच ठेवा, ऑक्टोबरमध्ये पहिल्या स्वच्छ दुपारी तोच आकडा येतो का ते बघायला.